लॅपटॉप परत केला, पण पोच कुठे आहे? नोकरी सोडल्यावर कंपनीच्या वस्तूंवरून होणारे वाद

नोकरीच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, कपाटाची किल्ली असं सगळं एचआरच्या टेबलावर ठेवून माणूस निघतो. दीड महिन्याने मेल येतो : ‘आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्याकडे एक मॉनिटर बाकी आहे. त्याची किंमत फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सुटल्यावरच्या शेवटच्या हिशेबातून, वळती करत आहोत.’ मॉनिटर तर घेतलेलाच नव्हता, किंवा घेतला होता आणि वर्षभरापूर्वीच परत दिला होता. आता ते दाखवायचं कसं?

वस्तू कंपनीची आहे याबद्दल अशा वादात सहसा दुमत नसतं. घोडं पेंड खातं ते तीन प्रश्नांवर : वस्तू परत दिली का, कोणत्या स्थितीत दिली, आणि दिली नसेल तर तिचे किती पैसे लागू होतात. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसतं, ते पोचपावतीत असतं. तिसऱ्याचं उत्तर मात्र कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट आहे, पण ते फारसं कुणी वाचत नाही.

पगार अडकलाय म्हणून लॅपटॉप अडवता येतो का?

नाही. सर्वांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून ती आधी.

कंपनी कामासाठी वस्तू तुमच्या ताब्यात देते आणि काम संपल्यावर ती परत घेणार असते. भारतीय करार कायदा, १८७२ अशा व्यवहाराला ‘निक्षेप’ म्हणतो. कलम १६० प्रमाणे मुदत संपली किंवा हेतू पूर्ण झाला, की कुणी मागायची वाट न पाहता वस्तू परत करायची असते. कलम १६१ आणखी पुढे जातं : तुमच्या चुकीमुळे वस्तू वेळेवर परत गेली नाही, तर त्यानंतर तिचं जे काही नुकसान होईल त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणजे पगारासाठी घरी अडवून ठेवलेला लॅपटॉप पुढच्या महिन्यात चोरीला गेला, तर ‘यात माझा काय दोष’ हे म्हणणं टिकणं अवघड.

येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू धरून ठेवण्याचा हक्क कायद्यात आहे, पण तो मोजक्या लोकांना. घड्याळ दुरुस्त करणारा मजुरी मिळेपर्यंत तेच घड्याळ ठेवू शकतो. बँका, आडते, गोदीवाले, उच्च न्यायालयाचे वकील आणि विम्याचे दलाल यांना थोडा व्यापक हक्क आहे. त्या यादीत पगार थकलेला कर्मचारी नाही.

त्यामुळे वस्तूंचा हिशेब आणि पैशांचा हिशेब ही दोन वेगळी खाती समजावीत. पगार पूर्ण थकलेला असला, तरी वस्तू परत करून टाकावी आणि त्याच पत्रात ‘माझं अमुक येणं बाकी आहे, ते सोडून देत नाही’ असं लिहावं. वस्तू धरून ठेवलेल्या माणसाची बाजू खरी असूनही कमकुवत दिसते. शिवाय कंपनीच्या हाती एक आयती तक्रार येते, ती वेगळीच.

ती तक्रार बहुधा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४५२ खाली होते. कंपनीची मालमत्ता किंवा रोकड अन्यायाने ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा कर्मचाऱ्याला किमान १ लाख आणि कमाल ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. खटला चालवणारं न्यायालय ठरावीक मुदतीत वस्तू परत करण्याचा आदेश देऊ शकतं आणि तो न पाळल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. ‘मी आता कर्मचारी नाही, मला हे कलम लागत नाही’ हा बचाव जुना आहे आणि तो चालत नाही. १९५६ च्या कायद्यातल्या अशाच कलम ६३० बद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात माजी कर्मचारीही त्यात येतात असं स्पष्ट केलं. मात्र हे कलम फक्त कंपनी कायद्याखालच्या कंपनीसाठी आहे. भागीदारी पेढी, एकट्या मालकाचं दुकान किंवा विश्वस्त संस्था नोटिशीत ४५२ लिहीत असेल, तर ते कलम तिथे लागू होत नाही.

दुसरी धमकी असते ती पोलिसांची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ हे विश्वासघाताचं कलम आहे. नोकराने सोपवलेल्या वस्तूबाबत विश्वासघात केला, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. पण त्यासाठी अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. परत करायला उशीर झाला, कुरिअर आलंच नाही, पत्ता बदलला, एवढ्याने विश्वासघात होत नाही. तुम्ही लेखी ‘वस्तू घेऊन जा’ असं कळवलं असेल, तर अप्रामाणिक हेतूचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. तो एक मेल म्हणूनच मोलाचा.

किती पैसे कापता येतात?

केंद्र सरकारच्या चारही नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. त्यातली वेतन संहिता, २०१९ इथे महत्त्वाची. आधीच्या वेतन प्रदान कायद्याला महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती, त्याहून जास्त पगार असलेले त्याच्या बाहेर राहत. नव्या संहितेत ती मर्यादा नाही, व्यवस्थापकही तिच्या कक्षेत येतात.

राजीनामा दिलेला असो की काढून टाकलेलं असो, नोकरी संपल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत देय वेतन द्यायचं असतं, असं कलम १७ सांगतं. ‘आमच्या धोरणाप्रमाणे फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ हे वाक्य अजूनही अनेक पत्रांत छापलेलं दिसतं. वेतनापुरतं ते धोरण कायद्याच्या वर जाऊ शकत नाही.

कपात करता येते, पण अटींवर. वस्तू तुमच्याकडे स्पष्टपणे सोपवलेली असली पाहिजे. नुकसान थेट तुमच्या हयगयीमुळे किंवा चुकीमुळे झालेलं असलं पाहिजे. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नको. आणि कलम २१ प्रमाणे कपातीआधी तुमचं म्हणणं मांडण्याची संधी दिली पाहिजे. शिवाय एका वेतन कालावधीतली सगळ्या प्रकारची कपात मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. न विचारता शेवटचा पूर्ण पगार शून्यावर आणून ठेवणारा हिशेब या दोन्ही अटी मोडतो.

‘प्रत्यक्ष नुकसान’ म्हणजे नव्या वस्तूची किंमत नव्हे. कंपन्यांचा हट्ट नेमका इथे असतो. कंपनी कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये लॅपटॉप आणि डेस्कटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलं आहे. समजा लॅपटॉप ६०,००० रुपयांना घेतला होता आणि शेवटी उरणारी किंमत ५ टक्के, म्हणजे ३,००० रुपये. उरलेले ५७,००० तीन वर्षांत समान वाटले, तर दर वर्षी १९,००० रुपये घसारा. दोन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची वहीतली किंमत राहते २२,००० रुपये. वहीतली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे हे खरं, पण ६०,००० मागणाऱ्याला ‘तुमच्याच ताळेबंदात ही वस्तू कितीला आहे?’ एवढं विचारलं तरी चर्चा जमिनीवर येते. वस्तूचा विमा होता का आणि दावा मिळाला का, हेही विचारावं. विम्याने भरून निघालेलं नुकसान पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करणं म्हणजे एकाच वस्तूचे पैसे दोनदा घेणं.

कीबोर्डवरची पुसलेली अक्षरं, चार्ज कमी धरणारी बॅटरी, झाकणावरचे बारीक ओरखडे ही वापराची झीज. साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जितकी जपेल तितकी काळजी घेणं हे निक्षेपात अपेक्षित असतं (करार कायदा, कलम १५१). तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी येत नाही. चहा सांडून मदरबोर्ड गेला, ही वेगळी गोष्ट. नेमणूकपत्रात ‘वस्तू हरवल्यास दुप्पट किंमत वसूल’ असं लिहिलं असलं, तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देतं. करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते.

ग्रॅच्युइटीतून परस्पर कपात हा आणखी एक आवडता मार्ग. मालमत्तेच्या नुकसानीपोटी ग्रॅच्युइटी जप्त करता येते ती नोकरी त्याच कारणासाठी संपवली असेल तेव्हाच, आणि तीही नुकसानीइतकीच. राजीनामा देऊन गेलेल्याची ग्रॅच्युइटी चार्जरसाठी रोखता येत नाही. भविष्य निर्वाह निधीचं तर त्याहून सोपं : तो पैसा कंपनीच्या हातातच नसतो. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख मुद्दाम भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य आपल्या यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा क्रमांक) खात्यातून ती स्वतः भरू शकतो.

परत कसं करायचं

तयारी राजीनाम्याच्या दिवशी सुरू करावी. एचआर किंवा आयटी विभागाला लिहा : ‘माझ्या नावावर नोंद असलेल्या सर्व वस्तूंची यादी, अॅसेट क्रमांक आणि सिरियल क्रमांकासह पाठवा.’ ही यादी आधी आली, की चुका आधीच सापडतात. बदलून दिलेला जुना लॅपटॉप नोंदीत तुमच्याच नावावर राहिलेला असतो. टीममधल्या दुसऱ्याला दिलेला हेडफोन तुमच्या खात्यावर दिसतो. घरून काम करताना आलेली खुर्ची तुमच्या लक्षातही नसते. नोकरीत असताना हे दोन मेलांत मिटतं. नोकरी सुटल्यावर त्यालाच दोन महिने लागतात.

वस्तू हातोहात देत असाल तर पोच घ्या. पोच म्हणजे गेटवरच्या रजिस्टरमधली सही नव्हे. त्यात वस्तूचं नाव, सिरियल क्रमांक, चार्जर व पिशवीसह की शिवाय, चालू स्थितीत की बंद, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव-हुद्दा हवं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, पोच नंतर पाठवतो’ असं म्हटलं गेलं, तर तिथेच उभं राहून मेल टाका : ‘आत्ता अमुक वाजता अमुक यांच्याकडे खालील वस्तू दिल्या.’ संध्याकाळी कंपनीचा मेल बंद होतो, म्हणून या मेलच्या प्रतीत आपला खासगी पत्ता ठेवायला विसरू नका. तिथेच फसगत झालेले लोक खूप आहेत : पोच आली होती, पण ती ज्या खात्यात आली ते खातंच बंद झालं.

कुरिअरने पाठवताना जास्त सावध. ‘खोकं आलं, पण रिकामं होतं’ किंवा ‘स्क्रीन फुटलेली मिळाली’ हे वाद इथलेच. लॅपटॉप चालू करून स्क्रीन, कीबोर्ड आणि मागच्या स्टिकरवरचा सिरियल क्रमांक एकाच सलग व्हिडिओत घ्या, मग तोच कॅमेरा चालू ठेवून तो पॅक करा आणि खोक्याला टेप लागेपर्यंत थांबू नका. तुकड्या-तुकड्यांचा व्हिडिओ फारसा उपयोगाचा नाही. मजबूत दुहेरी पुठ्ठ्याचं खोकं, सगळ्या बाजूंनी निदान ५ सेंटीमीटर मऊ भराव, चार्जर वेगळा गुंडाळलेला. नाहीतर प्रवासात चार्जरची वीट स्क्रीनवर आपटते, आणि नेमकी तीच स्क्रीन तुमच्या हिशेबात लागते. पावतीवर वजन नोंदवून घ्या. सव्वादोन किलोचं खोकं रिकामं नव्हतं हे सांगायला तो एक आकडा पुरतो. किंमत जाहीर करा, विमा मिळत असेल तर घ्या. आत लिथियम बॅटरी आहे हे सांगावं लागतं. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर तो लॅपटॉप कुरिअरने पाठवूच नका, कंपनीला लेखी कळवून माणूस पाठवायला सांगा. पोचल्यावर डिलिव्हरीचा पुरावा लगेच उतरवून ठेवा, कारण कुरिअर कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो कायमचा राहत नाही.

कंपनी घ्यायलाच येत नसेल, तर दोन तारखा आणि वेळ देऊन मेल करा, आठवड्याने आठवण करा, आणि मग नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवून द्या. तो पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो.

आत जे आहे त्याचं काय?

यंत्रापेक्षा माहितीवरून होणारे वाद जास्त कडू. शेवटच्या रात्री पेनड्राइव्ह लावून फाइली उतरवणं आणि शेवटच्या सकाळी लॅपटॉप फॉरमॅट करणं, या दोन्ही गोष्टी लोक सहजपणे करतात. दोन्ही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसू शकतात. परवानगीशिवाय माहितीची प्रत घेणं त्यात आहे, तसंच माहिती पुसणं किंवा तिचं मोल कमी करणं हेही आहे. अप्रामाणिकपणा दिसला तर कलम ६६ : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘माझे खासगी फोटो होते म्हणून पुसलं’ हे खरं असलं तरी फोटोंबरोबर प्रोजेक्टही गेलेला असतो. कोणत्या वेळी काय कॉपी झालं याची नोंद अनेक कंपन्यांची यंत्रणा आपोआप ठेवते.

योग्य क्रम असा : खासगी फाइलींची यादी आयटी विभागाला द्या, परवानगी घेऊन त्याच उचला, ब्राउझरमधले आपले पासवर्ड आणि खासगी खात्यांची लॉगिन काढा, बाकी जसं आहे तसं ठेवा. फॉरमॅट करणं हे आयटीचं काम. मात्र अॅपल किंवा गूगल खात्यातून बाहेर पडायला विसरू नका. मालकाच्या खात्याचं कुलूप राहिलं, तर परत दिलेला फोन कंपनीसाठी विटेसारखा असतो आणि ‘वापरण्याजोगा परत केला नाही’ अशी तक्रार येते.

तुम्ही नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, अहवाल, डिझाइन यांचा पहिला मालक कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे साधारणपणे नोकरी देणाराच असतो, वेगळा करार नसेल तर. नमुना म्हणून दाखवायचं असेल, तर परवानगी मागा. डोक्यातलं कौशल्य मात्र तुमचंच आहे. करार कायद्याच्या कलम २७ मुळे ‘दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही’ ही अट नोकरी सुटल्यावर सहसा टिकत नाही. ग्राहकांची यादी घेऊन जाण्याची मुभा त्याने मिळत नाही, एवढं लक्षात असू द्या.

न दिसणाऱ्या वस्तूंची आठवण सगळ्यात शेवटी होते. कंपनीचं सिम परत देण्याआधी त्या क्रमांकावर बँक, आधार, प्राप्तिकर यांपैकी काय जोडलेलं आहे ते बदला, नाहीतर तुमचे ओटीपी पुढच्या माणसाच्या खिशात वाजतील. कंपनीच्या फेसबुक पानाचं किंवा वेबसाइटच्या नावाचं खातं तुमच्या खासगी मेलवर असेल, तर ते लेखी हस्तांतरित करा. उलट बाजूची एक गोष्ट : तुमच्या नावाची डिजिटल स्वाक्षरी असलेला टोकन (पेनड्राइव्हसारखं छोटं यंत्र) लेखा विभागाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. त्याचे पैसे कंपनीने भरले असले, तरी ती सही तुमची आहे. टोकन परत घ्या, किंवा प्रमाणपत्र रद्द करून घ्या.

कंपनीची गाडी असेल तर किलोमीटरचा आकडा, इंधनाची पातळी आणि दिल्याची वेळ पोचेत हवी. त्यानंतरचं ई-चलन कुणाचं, हे त्या वेळेवरच ठरतं.

नोटीस आली किंवा पैसे अडले तर

नोटिशीला उत्तर देणं टाळू नये. वस्तू दिली असेल तर पोच जोडा. दिली नसेल तर ‘कधी, कुठे देऊ’ हे विचारा. आकडा मान्य नसेल तर खरेदीची तारीख, बिल, वहीतली किंमत आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागा. पोलीस ठाण्यातून फोन आला तर कलम आणि तक्रारीची माहिती विचारा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत, अटकेची गरज नसेल तर, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस देण्याची तरतूद आहे. नोटीस आली तर पोचेच्या प्रती घेऊन जाच. न जाणं अंगाशी येतं.

वेतन अडवलं किंवा बेकायदा कापलं असेल, तर वेतन संहितेच्या कलम ४५ खाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. माहिती कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मिळते. प्राधिकारी थकबाकीबरोबर तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ चॅट आणि मूळ मेल पुसू नका. फोन बदलत असाल, तर जुना फोन वाद मिटेपर्यंत विकू नका.